गल्लीतल्या इटालियन हॉटेलात आईबाबांना न्यायचंय, काय मागवू?

आरती_मुलुंड:
नमस्कार मंडळी. आमच्या कोपऱ्यावर पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे आता छोटंसं इटालियन झालंय. आठ-दहा टेबलं, मागे भट्टी, दारात तुळस आणि तिच्या शेजारी बेझिलची कुंडी. मालक तरुण पोरगा आहे. प्रत्येक टेबलापाशी येऊन "काकू, कसं वाटलं?" विचारतो, त्यामुळे धड तक्रारही करता येत नाही.

येत्या शनिवारी आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉल नको, केटरर नको, असं बाबांनीच बजावलंय. "समोर त्या पिझ्झावाल्याकडे जाऊ" म्हणाले. सांगलीहून काका-काकू येतायत.

अडचण अशी की मागच्या खेपेला बाबांनी रिसोटो, म्हणजे इटालियन मऊसर भात, मागवला होता. पहिल्याच घासाला चमचा खाली. "भाताला कणी राहिलीय, आणि वर लोणी सोडून झाकलीय." वेटर डिश आत घेऊन गेला, परत आणली तर कणी जिथल्या तिथे. मग बाबांनी चिली फ्लेक्सची बाटली उपडी केली आणि मुकाट्याने जेवले. त्यांना खालची कवळी आहे, हेही सांगून ठेवते.

आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. काकूंनी कुठेतरी वाचलंय की चीजमध्ये 'काहीतरी असतं', त्यामुळे त्या धास्तावलेल्या. काका सगळं खातात आणि सगळ्यावर बोलतात.

पास्ता मऊ करून मागितला तर देतात का, की शेफला राग येतो? आणि मागच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता, तो द्यायलाच लागतो का?

खादाड_ठाणेकर:
चार मार्गारिटा पिझ्झे, दोन गार्लिक ब्रेड, विषय संपला. ज्येष्ठांवर प्रयोग करू नयेत. काकांना बिअर मिळते का तेवढं बघा.

गिरणगावकर:
आरतीताई, मी बरीच वर्षं इटालियन किचनमध्ये काढली, बहुतेक पास्ता सेक्शनलाच. आता परळला पोळीभाजी केंद्र चालवतो, तेव्हा हॉटेलवाल्यांची बाजू घ्यायचं काही कारण नाही.

बाबांचं बरोबर आहे आणि शेफचंही चुकलेलं नाही. रिसोटोच्या तांदळाला आतून किंचित दाताला लागेल एवढी कणी ठेवायचीच असते. आर्बोरिओ नाहीतर कार्नारोली तांदूळ लोण्यावर परततात, मग गरम स्टॉक (भाज्या किंवा कोंबडी-हाडं उकळून काढलेलं पाणी) पळीपळीने घालत पंधरा-अठरा मिनिटं हलवत राहायचं. बाहेरचा स्टार्च सुटून रस दाट होतो, दाणा मात्र उभा राहतो. छोट्या हॉटेलात एवढा वेळ कुणाकडे नसतो. दुपारीच पाऊण शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवतात आणि ऑर्डर आली की स्टॉक, लोणी, चीज घालून पुरा करतात. म्हणून डिश परत पाठवल्यावर फारसं काही होत नाही. आतला माणूस पळीभर स्टॉक घालून दोनदा फिरवतो आणि पुन्हा पासवर, म्हणजे वेटर डिश उचलतो त्या कट्ट्यावर, ठेवतो. बाबांसाठी रिसोटोचा नाद सोडा. त्यात बहुतेक वेळा पांढरी वाइनही असते, हे आईंच्या कानावर घाला.

पास्त्याचं मात्र जमतं. सुका पास्ता, म्हणजे पेने, स्पॅगेटी वगैरे, डुरम गव्हाच्या रव्याचा असतो. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर आम्ही सात-आठ मिनिटांत काढायचो, तेल लावून ट्रेमध्ये पसरायचो आणि एकेका प्लेटीचा वाटा पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचो. ऑर्डर आली की जाळीच्या डब्यातून उकळत्या पाण्यात बुडवायचा, निथळायचा आणि सॉसच्या पॅनमध्ये टॉस करायचा. सगळा खेळ त्या बुडवण्यात आहे. अर्ध्या मिनिटाऐवजी तीन मिनिटं ठेवला की कवळीलाही जड जात नाही. यात कसला आलाय अपमान? फक्त केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आत जायच्या आधी सांगा. प्लेट टेबलावर आल्यावर सांगितलंत तर आत सॉससकट मायक्रोवेव्ह होतो. हे मी केलंय, म्हणून सांगतो.

आता आईंचं. सुक्या पास्त्यात सहसा अंडं नसतं, पण मेन्यूवर 'फ्रेश पास्ता' किंवा 'हँडमेड' लिहिलं असेल तर विचारा. टॅलियाटेले, राव्हिओली, लझान्याच्या पट्ट्या यांची कणीक बऱ्याचदा अंड्यात मळतात. न्योकी बटाट्याची, तोंडात विरघळते, बाबांना अगदी फिट्ट. पण तिच्यातही काही जण बांधायला अंडं घालतात. मिनेस्ट्रोने सूप नावाला भाज्यांचं. स्टॉक कसला आहे ते विचारा. तिरामिसूत मुळात अंड्याचा बलक असतो. मुंबईत पुष्कळ ठिकाणी बिनअंड्याचं मिळतं, तरी खाली घालायची बिस्किटं अंड्याची असू शकतात. आणि पानाकोटा दिसायला साधी दुधाची वडी, पण ती जिलेटिनवर उभी असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांचं.

काकूंची शंका रास्त आहे. खऱ्या पार्मिजानो रेजानोसाठी, म्हणजे अस्सल पार्मेजान चीजसाठी, दूध नासवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, त्याला पर्याय चालत नाही. इटलीचा नियमच तसा आहे. आपल्याकडे शाकाहारी रेनेटचं पार्मेजानसारखं चीज मिळतं आणि मुलुंड-घाटकोपरला धंदा करायचा तर बहुतेक जण तेच ठेवतात. मालकाला सांगा, पाकीट दाखव. हिरवा ठिपका दिसला की काकू निर्धास्त.

मी असतो तर असं मागवलं असतं: मधोमध दोन पिझ्झे, बाबांना न्योकी टोमॅटो सॉसमध्ये, आईंना पेने, तीन मिनिटांवाला. काकांना जे हवं ते.

चिकित्सक_गोरेगाव:
मऊ पास्ता!! मग घरी शेवयांचा उपमा काय वाईट? लोक इटालियन म्हणून जे खातात ते बघून वाईट वाटतं. आल्फ्रेडो पास्त्यात क्रीम ओतायचं, वर कॉर्न आणि ब्रोकोली. रोमच्या मूळ आल्फ्रेडोत लोणी आणि पार्मेजान, बस, क्रीमचा थेंब नव्हता. त्यात आता लाकडाच्या भट्ट्याही चालल्या. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये मुंबईतल्या बेकऱ्या-हॉटेलांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले, तेव्हाच मी म्हटलं, पिझ्झा संपला.

गिरणगावकर:
साहेब, शेवटच्या मुद्द्यावर थोडं. नापोलीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअसला ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. तेवढ्यात धुराचा वास कितीसा लागणार? काळे ठिपके पडतात ते तापलेल्या दगडाने आणि वरच्या आचेने, आणि गॅसची भट्टी नीट तापवली तर तीही तेवढी आच देते. लाकडासमोर उभं राहून रात्री खोकणारा मी होतो, खाणारे नव्हते. गॅस आला तर पोरांना बरंच आहे.

आणि क्रीमचं म्हणाल तर ते गिऱ्हाईकच मागतं. लोणी-चीजचा सॉस पास्त्याच्या पाण्यावर धरावा लागतो, टेबलावर पाच मिनिटं फोटो काढत बसलात की तो थिजतो. क्रीम थिजत नाही. शेफला शिव्या देऊन उपयोग नाही.

नीलिमा_पार्ले:
सर्व्हिस चार्जचं मी सांगते, यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महाभारत झालंय. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. सर्व्हिस चार्ज हा हॉटेलने लावलेला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं की तो आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा काढायला सांगा, भांडायची गरज नाही. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी स्वतः चार्ज काढायला लावते आणि वेटरच्या हातात रोख ठेवते. आमचे हे म्हणतात, एकूण हिशेब तोच झाला ना. होऊ दे, पण पैसे कुणाला गेले ते कळलं.

आरती_मुलुंड:
मंडळी, शनिवार पार पडला. सगळ्यांचे आभार, खादाडसाहेबांचेसुद्धा (बिअर मिळत नाही, काकांनी दोनदा विचारून खात्री केली).

मी शुक्रवारीच जाऊन मालकाला सगळं सांगून आले. चीजचं पाकीट त्याने फ्रीजमधून काढून दाखवलं, हिरवा ठिपका होता, फोटो काकूंना पाठवला. न्योकीत अंडं नव्हतं, पण तिरामिसूच्या बिस्किटांत निघालं, म्हणून ते रद्द. बाबांनी न्योकीची प्लेट पुसून खाल्ली, मग आईच्या पेनेत काटा घातला. आईने ५० वर्षांच्या सरावाने प्लेट न बघताच त्यांच्याकडे सरकवली. तीन मिनिटांचा पास्ता तिलाही आवडला, पण "हिंग हवा होता" म्हणाली. काका पिझ्झ्याच्या कडा सोडत होते आणि काकू त्या सॉसला लावून संपवत होत्या.

सर्व्हिस चार्ज न सांगताच काढलेला होता. वेटरला रोख दिले, नीलिमाताईंच्या पद्धतीने.

एकच उरलं. अर्ध्याहून जास्त पिझ्झा पार्सल घेतलाय, तो उद्या कसा गरम करू? मायक्रोवेव्हमध्ये चामडं होतं.

गिरणगावकर:
बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. मंद आचेवर पिझ्झा कोरड्या तव्यावर ठेवा, तळ कडक व्हायला लागला की कडेला चमचाभर पाणी सोडून लगेच झाकण. मिनिटभरात चीज सुटतं. फ्रीजमधून काढल्या काढल्या ठेवू नका, दहा मिनिटं बाहेर राहू द्या. आणि आईंच्या तुकड्यावर हिंग घालून बघाच, मलाही कळवा.