पणजोबांचा मिलिटरीतला फोटो – साल आणि पलटण कशी ओळखायची?

लालबागकर:
चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून माळा उपसत होतो, त्यात पणजोबांचा मिलिटरी ड्रेसमधला फोटो सापडला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी पडलाय आणि काळ्या भागावर चांदीसारखी झाक आलीय. डोक्याला फेटा, अंगात मांड्यांपर्यंत लांब खाकी सदरा, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या, दंडावर दोन फिती, छातीवर मेडल एकही नाही. आत्या म्हणते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते, काका म्हणतात छे, दुसऱ्या. गाव साताऱ्याकडचं. पलटण कुठली ते कसं कळेल? आणि दादर-परळला फोटो साफ करून देणारं कोणी आहे का?

खाकीखुळा:
आधी हात धुवा आणि फोटो पुसू नका! ती झाक म्हणजे फोटोतलीच चांदी वर आलीय, दोन्ही युद्धांच्या काळातल्या फोटोंना ती येते त्यामुळे तिच्यावरून साल ठरत नाही, तपकिरी रंगावरून तर नाहीच नाही. माझं मत आत्याकडे झुकतंय, कारण असा लांब कुर्त्यासारखा सदरा पहिल्या युद्धात असायचा, दुसऱ्यात शर्ट खोचलेला दिसतो. दोन फिती म्हणजे नाईक, नवा भरती झालेला पोरगा नव्हे. खांद्यावर पितळी अक्षरं-आकडे आहेत का ते भिंगातून बघा, खरी मेख तिथेच आहे.

चिंचपोकळीची_मनी:
साफ करायला गल्लीतल्या स्टुडिओत देऊ नका प्लीज, माझ्या आजीच्या फोटोवर ओला बोळा फिरवला आणि निम्मा चेहरा गेला. फोर्टला वस्तुसंग्रहालयाचं कन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथे विचारा. तोवर ६०० डीपीआयला पुढून-मागून स्कॅन करून ठेवा, पुठ्ठ्यासकट, स्टुडिओचं नाव-गाव खालीच छापलेलं असतं.

बोरीबंदर९:
एआयने कलर करून बघा की, मस्त होतो.

खाकीखुळा:
@बोरीबंदर, भिंतीवर लावायला ठीक आहे, ओळखायला घातक. तेव्हाच्या कॅमेऱ्यातल्या बऱ्याच काचेच्या प्लेटांवर लाल रंग काळा यायचा आणि निळा फिका, त्यामुळे मशीन ठोकून देतं काहीही आणि मग घरात तेच खरं होऊन बसतं.

लालबागकर:
भिंगाने बघितलं! खांद्यावर ११ दिसतंय, तिसरा आकडा पट्ट्याखाली गेलाय.

खाकीखुळा:
वा, मग काका हरले 😄 हे तीन आकडी नंबर १९०३ पासूनचे, १९२२ ला पलटणी एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली तेव्हा ते गेले. म्हणजे फोटो त्या मधला. ११ वाल्यांत मराठ्यांच्या ११०, ११४, ११६ आणि ११७. यातल्या ११० आणि ११७ इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांना शरण गेल्या, त्यामुळे तिसरा आकडा महत्त्वाचा आहे. घरात जुनं चांदीचं मेडल असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेलं सापडेल. आणि हो, कोणीतरी वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर शोधा म्हणेल, पण ती यादी फक्त युद्धात गेलेल्यांची, पणजोबा घरी परत आले असतील तर तिथे सापडायचे नाहीत.

लालबागकर:
मेडल गावच्या चुलत्यांकडे असणार, गणपतीत जातोय तेव्हा कडेचा फोटो काढून इथेच टाकतो. आत्याला अजून सांगितलं नाहीये, ती आठवडाभर काकांना सोडणार नाही.