पेटीतली मोडी कागदं आणि शिवराई संग्रहालयात द्यायचीत, मदत हवी आहे

मंडळी, कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या आमच्या घरी आजोबांची सागवानी पेटी उघडली. तळाला मोडी लिपीतल्या कागदांचं बाड आणि सात शिवराई, म्हणजे तांब्याची जुनी नाणी, निघाली. कागद घडीवर चिरलेत, कडेला वाळवी लागलीय. काका म्हणाले, नाणी चिंचेनं घास. मी अडवलं, त्यानं अक्षरं जातात.

हे टाऊन हॉलच्या संग्रहालयात द्यावं असं फार वाटतं. इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननातला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा पुतळा लहानपणी तिथंच पाहिला, अजून डोळ्यांसमोर आहे. १९७२ च्या कायद्यानं ७५ वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची कागदपत्रं पुरावशेष, म्हणजे जपायच्या प्राचीन वस्तू, ठरतात, म्हणून रीतसरच द्यायचंय.

कागद संग्रहालय घेईल की पुराभिलेखागारात, म्हणजे सरकारी जुन्या दप्तरखान्यात, न्यायचे? देताना लेखी पोच मिळते का? आणि त्याआधी मोडी वाचून देणारं कुणी कोल्हापुरात आहे का? तोवर वाळवीवर काय करू, तेही सांगा.