‘मम’ म्हणजे ‘मौन’?? आवरा आता ते फॉरवर्ड

पेठेतला_आगाऊ
सकाळपासून ज्या ग्रुपवर जावं तिथे तेच. ‘इंग्रजीत गप्प राहण्याला मम म्हणतात, कीप मम, मम्स द वर्ड वगैरे, हा शब्द इंग्रजांनी आपल्या मौन वरून उचलला, कोहिनूर नेला तसा हाही नेला, अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ काल इथे आर्यावर्त यांनीही तेच डकवलं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तिथे लिहिलं असतं तर कुणी वाचलंच नसतं, म्हणून वेगळा धागा.

अहो, चौदाव्या शतकात इंग्लंडमधे विल्यम लँगलंड नावाच्या कवीच्या ‘पिअर्स प्लाउमन’ मधे हा शब्द आहे. वकिलांवर टोमणा आहे, की एकवेळ मालव्हर्नच्या डोंगरावरचं धुकं मोजता येईल पण पैसे दाखवल्याशिवाय यांच्या तोंडून ‘मम’ निघणार नाही. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मधे, ईस्ट इंडिया कंपनी निघाली 1600 मधे. मग शब्द चोरायला आलं कोण, आणि कुठल्या गलबतातून?

आणि नीट बघा, लँगलंडकडे मम म्हणजे शांतता नाहीच, मम म्हणजे ओठ मिटून निघतो तेवढासा आवाज. ओठ बंद करा आणि बोलायचा प्रयत्न करा, जे ऐकू येईल तो हा शब्द. पुढे ‘मम सुद्धा काढू नको’ असं म्हणता म्हणता मम म्हणजेच गप्प झालं. पुटपुटणे याला मंबल म्हणतात तोही याच घरातला. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीच्या दुसऱ्या भागात ह्यूम नावाचा दोन्हीकडून पैसे खाणारा पाद्री आहे, तो स्वतःलाच बजावतो की ओठ शिवून टाक, मम शिवाय शब्द काढू नको. त्यात ऋषीमुनी कुठून आले हो?

आर्यावर्त
आलात का. आपल्याकडचं काही चांगलं म्हटलं की यांच्या पोटात दुखतंच. जगरनॉट हा शब्द जगन्नाथावरून आला की नाही? पंडितचं पंडिट झालं की नाही? लूट तर अख्खी लुटून नेली. मग मम का नाही? चोरी सिद्ध करायला पावती लागते का आता? आणि त्या कवीच्या आधी हजारो वर्षं आपल्याकडे मौनव्रत होतं.

पेठेतला_आगाऊ
होय, पावती लागते. लूट, पंडित, जगन्नाथ यांची आहे, इंग्रज इकडे यायला लागल्यानंतरच्या लिखाणात ते शब्द दिसायला लागतात. मौनव्रत जुनं आहे हे कोण नाकारतंय. पण मौन हा शब्द मुनी वरून होतो, मुनीचा भाव तो मौन. त्यातला ‘न’ काय समुद्रात पडला का येताना?

नुसत्या सारखेपणावर जायचं तर फारसीत बद म्हणजे वाईट, बदनाम मधला, आणि इंग्रजीत बॅड म्हणजे पण वाईट. दोघांचा काडीचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियात म्बाबाराम नावाची आदिवासींची भाषा होती, तिच्यात कुत्र्याला डॉग म्हणायचे, इंग्रजांशी काही देणंघेणं नसताना. योगायोग नावाची गोष्ट असते.

सांगलीची_हळद
मी काय म्हंतो, चोरीच धरायची तर आपलं ‘मम’ घ्या की राव, मौन कशाला. पूजेला बसलं की गुरुजी म्हणतात ‘मम म्हणा’, आपण म्हणतो मम, पुढं काय चाललंय ते गुरुजींनाच ठाऊक. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला सगळे नुसते मम म्हणायलाच येतात. इंग्रज गप्प बसून मम आणि आपण बोलून मम, हिशोब सारखाच 😂

कोर्टाची_पायरी
त्या लँगलंडचे पाय धरले पाहिजेत. आमचा वाटणीचा दावा वडिलांच्या हयातीत घातलेला, ते गेले तरी चालू आहे, वकीलसाहेब फोन उचलतात तो फक्त फी जमा झाल्याचा मेसेज गेल्यावर, एरवी तारीख कधीची हेसुद्धा आम्ही कारकुनाला चहा पाजून काढतो आणि तारखेला गेलो की साहेब दुसऱ्या कोर्टात असतात आणि ज्युनिअर पुढची तारीख मागतो. सातशे वर्षांत काय बदललं सांगा. धागा भरकटवतोय माहितीये पण बोलल्याशिवाय राहवलं नाही.

लीड्सची_लेक
इथे नवीन होते तेव्हा ऑफिसात एका कलीगची नोकरी जाणार हे मला आधी कळलं. बॉस हळूच म्हणाला, ‘मम्स द वर्ड.’ इंग्लंडमधे आईलाही मम म्हणतात, त्यामुळे मला खरंच वाटलं की ह्याने आईला सांगून ठेवलंय 🤦‍♀️ नंतर कळलं की या घोळाचे इंग्रजांनी स्वतःच विनोद केलेत. दुसऱ्या महायुद्धात पोस्टर होतं, ‘बी लाइक डॅड, कीप मम’, म्हणजे बाबांसारखं तोंड बंद ठेवा, आणि दुसरा अर्थ आईला पोसा. एडिथ समरस्किल नावाच्या खासदार बाई त्यावर भडकल्या होत्या, बरोबरच होतं त्यांचं. मग 1942 मधे आणखी एक आलं, सोफ्यावर नटूनथटून बसलेली बाई, भोवती कोंडाळं करून अफसर, आणि खाली ‘कीप मम, शी इज नॉट सो डम’, म्हणजे गप्प राहा, ती दिसते तेवढी बावळट नाही. म्हणजे गुपितं बायकांमुळे फुटतात असं, आणि बोलणारे ते अफसर मात्र नामानिराळे.

आजोबा_नाशिककर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, या मम वरूनच ती ‘मम्मी’ आपल्या घरात शिरली ना? माझी नातवंडं आईला मम्मी म्हणतात. आई या शब्दात जी माया आहे ती त्या इजिप्तच्या प्रेतात आहे का? इंग्रजी शाळांनी वाटोळं केलं. मी सुनेला स्पष्ट सांगितलं आहे, माझ्यासमोर तरी आई म्हणायला लावा.

पेठेतला_आगाऊ
आजोबा, ती मम्मी वेगळी. प्रेताची मम्मी अरबी मूमिया वरून, ते फारसी मूम म्हणजे मेण यावरून, मोमबत्तीतलं मोम तेच. आईची मम्मी ही बाळाच्या ओठांची. रोमान याकोबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाचा 1960 चा लेखच आहे यावर, तोंडात घास किंवा दूध असताना बाळ नाकातून जो आवाज काढतं तो म, म्हणून जगभर आईच्या नावात म सापडतो. आपल्याकडे बाळाच्या जेवणाला मंमं म्हणतात ते काय लंडनहून आलं?

आजोबा_नाशिककर
पुस्तकी पांडित्य पुरे. जॉर्जियात काय म्हणतात, रशियात काय म्हणतात याच्याशी मला कर्तव्य नाही. आपली भाषा आपल्या डोळ्यादेखत मरते आहे.

पेठेतला_आगाऊ
जॉर्जियाचं मी नावही काढलं नव्हतं, पण आता तुम्हीच काढलंत तर ऐका, तिथे मामा म्हणजे वडील आणि देदा म्हणजे आई 😄

दोन_मुलांची_आई
मला या आजोबा लोकांचा खरंच कंटाळा आलाय. माझी मुलं मला मम्मी म्हणतात. मी अकरा तास नोकरी करून येते, डबे करते, अभ्यास घेते, आणि सासरे पाहुण्यांसमोर म्हणतात ‘आमच्याकडे आई नाही, मम्मी आहे’. सगळे हसतात. मराठी टिकवायची जबाबदारी पण सुनेच्याच डोक्यावर का? मुलगा तुमचा ना, त्याला सांगा की घरी मराठीत गोष्टी वाचून दाखव. तो मोबाईलमधून मान वर काढत नाही तेव्हा भाषा मरत नाही वाटतं.

आजोबा_नाशिककर
मी तुमच्याबद्दल बोललो नव्हतो. उगाच अंगावर घेऊ नये.

दोन_मुलांची_आई
‘सुनेला स्पष्ट सांगितलं’ हे तुम्हीच लिहिलंय काका. वर जाऊन वाचा.

लीड्सची_लेक
ताई, +१. आणि काका, ‘इंग्रजी मम्मी’ असं एक काही नसतंच, न्यूकॅसलकडे मॅम म्हणतात, बर्मिंगहॅमला मॉम, बाकी बहुतेक ठिकाणी मम. तिथले लोकही यावरून भांडतात. दुकानात मदर्स डे ची बर्मिंगहॅमी कार्डं वेगळी शोधावी लागतात म्हणून माझी मैत्रीण दरवर्षी वैतागते.

जर्सीकर
मम वरून आठवलं, फिलाडेल्फियाला 1 जानेवारीला ममर्स परेड असते, 1901 पासून अधिकृतपणे. ममर म्हणजे मुळात मुखवटा घालून मूकनाट्य करणारे, जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. आम्ही कौतुकाने पोरांना घेऊन गेलो, म्हटलं मूकनाट्य बघू. बँजो, सॅक्सोफोन, ढोल, पिसांचे डोंगर अंगावर घेतलेली माणसं, कान किटले. लक्ष्मी रोडची मिरवणूक परवडली.

तर्कटराव
सगळे मम्मीच्या मागे लागलात, मूळ मुद्दा राहिला. आगाऊ, तुम्हीही अर्धंच सांगताय. मौन नसेल, पण ‘मूक’ चं काय? इंग्रजी म्यूट लॅटिन म्यूटस वरून, आणि लॅटिन म्यूटस व संस्कृत मूक यांचं मूळ एकच धरतात. ग्रीकमधे म्यूएन म्हणजे डोळे-ओठ मिटणे, त्यावरून मिस्टरी. म्हणजे नातं आहेच, फक्त चोरीचं नाही, चुलत भावंडांचं. हे तुम्ही मुद्दाम गाळलंत कारण आर्यावर्त यांना काही द्यायचं नव्हतं.

पेठेतला_आगाऊ
गाळलं नाही, फॉरवर्ड मौन बद्दल होतं. पण बरं, मूक आणि म्यूट चुलत भाऊ, द्या मार्क. तिथेही मुळाशी तोच ओठ मिटलेला मू. विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने 1786 मधे कलकत्त्याला जे सांगितलं ते हेच, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मूळ भाषेच्या लेकी. कुणी कुणाची तिजोरी फोडली असं तो म्हणाला नव्हता.

आर्यावर्त
म्हणजे संबंध आहे! मी काल हेच म्हणत होतो. दोन डझन प्रतिसाद खर्चून शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात, आभार 🙏 आता मूक वरून म्यूट अशी सुधारित पोस्ट करतो.

पेठेतला_आगाऊ
‘वरून’ नाही हो!!! चुलत!!! जाऊदे.

सांगलीची_हळद
आगाऊशेठ, आता तुम्ही पण मम म्हणा.

दोन_मुलांची_आई
सुधारित पोस्टीत मम्मीवर ओळ टाकणार असाल तर आधी इथे दाखवा. माझे सासरे तुमच्या ग्रुपवर आहेत.