३८४ वेलच्या (बारीक खळग्यांच्या) प्लेटचे कडेचे आकडे भलतेच का?

प्रश्न (लातूर): एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशींवर संयुगांची चाचणी, रेझाझुरिन (जिवंत पेशी दाखवणारा रंग), ७२ तास. झेड-प्राइम (चाचणी किती भरवशाची ते सांगणारा आकडा) ०.३ च्या वर सरकेना. गोम कशात आहे?

उत्तर (संभाजीनगर): बाष्पीभवनात. वेलमध्ये माध्यम (पेशींचं पोषक द्रावण) असतं जेमतेम ५० मायक्रोलिटर. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत इन्क्युबेटरचं दार सारखं उघडलं की कडेचं पाणी आधी उडतं, क्षार वाढतात, पेशी दमतात. कडेच्या वेलमध्ये पेशी न टाकता नुसतं पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरा. तळाच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड पाणीच. बोअरचं मुळीच नको, थर बसतो. पेशी टाकल्यावर २०-३० मिनिटं प्लेट ओट्यावर सपाट ठेवा, मगच आत.

नांदेडहून: डीएमएसओ (संयुगं ज्यात विरघळवतात तो द्रव) पण बघा. ५० मध्ये ०.५ मायक्रोलिटर म्हणजे १ टक्का झाला की! निम्मा करा, कंट्रोललाही (संयुग न टाकलेल्या वेललाही) तेवढाच.

प्रश्नकर्ता: कडा सोडली तर ३०८च वेल उरतात.

संभाजीनगर: उरू द्या. खोट्या हिटमागं (गुणकारी भासणाऱ्या संयुगामागं) धावणं महाग पडतं.