कलवरी, वेला, मगर: नाव तेच, पण नौका कोणती?

शीड: 'कलवरीचा पुनर्जन्म' असा मथळा वाचला. म्हणजे जुनीच पाणबुडी दुरुस्त करून परत आणली का? आणि कलवरीचा अर्थ काय?

तांडेल: दुरुस्ती वगैरे काही नाही, फक्त नाव परत आलं. पहिली कलवरी सोव्हिएत बनावटीची, फॉक्सट्रॉट प्रकारची. ८ डिसेंबर १९६७ला रीगा बंदरात ती आपल्या नौदलात दाखल झाली, म्हणून ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. १९९६मध्ये ती निवृत्त झाली. दुसरी फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्यावर मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधली आणि १४ डिसेंबर २०१७ला दाखल झाली. मधल्या २१ वर्षांत या नावाची पाणबुडी नव्हती.

कलवरी हा मल्याळम शब्द, अर्थ टायगर शार्क, म्हणजे अंगावर पट्टे असलेली मोठी मुशी. पाणबुड्यांना शिकारी माशांची नावं द्यायची ही नौदलाची जुनी पद्धत. 'पुनर्जन्म' मथळ्यापुरता ठीक आहे, बातमीत मात्र 'त्याच नावाची दुसरी पाणबुडी' असं सरळ लिहावं.

फोटोखाली ओळ लिहिण्याआधी आकार पाहा. जुनी सुमारे ९१ मीटर लांब, तिला तीन प्रोपेलर, टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा आणि मागे चार. नवी ६७.५ मीटर, प्रोपेलर एकच, नळ्या सहा आणि त्या सगळ्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला. नव्या कलवरीच्या बातमीला फॉक्सट्रॉटचा फोटो लागलेला अजूनही दिसतो.

शीड: फॉक्सट्रॉट हाही प्राणीच ना, कोल्हा?

तांडेल: कोल्ह्याचा संबंध नाही. नाटोने सोव्हिएत पाणबुड्यांच्या प्रकारांना इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक उच्चार दिले, त्यातल्या 'एफ'चा उच्चार फॉक्सट्रॉट. सोव्हिएत नाव प्रकल्प ६४१. उलट स्कॉर्पीन हे खरंच माशाचं नाव आहे.

नाखवा: वर्षाइतकाच क्रमांकाने घोळ होतो. नावेच्या अंगावरचा क्रमांक म्हणजे ओळख असं धरून चाललात की फसलात. जुनी कलवरी एस२३ होती आणि जुनी करंज एस२१. आता नवी कलवरी एस२१ आणि नवी करंज एस२३, म्हणजे नेमकी अदलाबदल. जुन्या कागदात नुसतं 'एस२१' दिसलं तर आधी तारीख बघा.

दुसरा सापळा 'वर्ग' या शब्दाचा. वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांचा गट. १९७३-७४मध्ये आलेल्या वेला, वागीर, वागली, वागशीर या 'वेला वर्गा'च्या. नव्या वेला (२०२१), वागीर (२०२३) आणि वागशीर (२०२५) मात्र 'कलवरी वर्गा'च्या. 'वेला वर्गाची वेला' म्हणजे जुनी, 'कलवरी वर्गाची वेला' म्हणजे नवी. वर्ग गाळला तर वर्ष तरी द्या. जुन्यांपैकी कुरसुरा आणि वागली ही नावं नव्या सहा पाणबुड्यांच्या मालिकेत परत आलीच नाहीत. जुनी कुरसुरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे.

शीड: वेला म्हणजे संस्कृतातली भरती किंवा किनारा?

नाखवा: तसं वाटणं साहजिक आहे, पण नौदल देतं तो अर्थ माशाचा: स्टिंग रे, आपल्याकडचं पाकट. 'वेळा' तर अजिबात लिहू नये.

मात्र सगळ्यांनाच मासे समजू नका. करंज हे नाव उरणजवळच्या करंजा बेटावरून आलं, झाडावरून नाही. खांदेरी हा थळसमोरचा शिवकालीन जलदुर्ग, म्हणून मराठीत 'खांदेरी'च लिहा. 'खंदेरी' हे रोमन लिपीतून उलटं वाचलेलं रूप आहे.

तांडेल: लिंगाचंही सांगून टाकतो. पाणबुडी, नौका हे शब्द मनात धरून क्रियापद स्त्रीलिंगी येतं: 'विक्रांत दाखल झाली'. विक्रांत हा शब्द पुल्लिंगी असला तरी वाक्य बरोबर. 'जहाज' हा शब्द वाक्यात आला तर मात्र 'विक्रांत हे जहाज दाखल झालं'. एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळली की वाचणारा अडखळतो.

शीड: आणि मगर? तीही पाणबुडी?

तांडेल: नाही, ती रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी नौका. पाण्यातून वाळूवर येऊन जबडा उघडणारी, त्यामुळे नाव चपखल. पहिली ब्रिटिश बांधणीची, आधीचं नाव अ‍ॅव्हेंजर, १९४९मध्ये भारताकडे आली. दुसरी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीची, १९८७मध्ये दाखल झाली आणि ६ मे २०२३ला कोचीत निवृत्त. तिच्याच वर्गातली घडियाल १९९७ची. घडियाल म्हणजे मराठीत सुसर, पण नौकेचं नाव भाषांतरित करायचं नाही. 'आयएनएस सुसर' लिहिलंत तर तशी नौका कुठल्याच यादीत सापडणार नाही.