कोर्सिकातलं बी-१७ बाँबर: ओपन वॉटरवर जमेल का?

दर्यावेडा:
नमस्कार मंडळी. जुलैत बायकोसोबत कोर्सिकाला जातोय. काल्वीच्या किल्ल्याखाली महायुद्धातलं अमेरिकन बी-१७ २७ मीटरवर पडलंय. माझ्याकडे तारकर्लीत केलेलं ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) आहे, एकूण ९ डाइव्ह. कार्डावर १८ मीटरची मर्यादा आहे. ९ मीटरचाच तर फरक! कुणी गेलंय का?

कालवंखाऊ:
मी गेलेय, दोनदा. "९ मीटरचाच" म्हणू नकोस रे. तिथे दाब वरच्या ३.७ पट. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर खाली ७४. १२ लिटरच्या टाकीत २०० बार (हवेचा दाब) घेऊन गेलास आणि ५० राखून ठेवलेस, तर जेमतेम २४ मिनिटं. तीही शांत श्वास घेतलास तर.

मी पहिल्यांदा घेतला नव्हता. उतरताना आधी नुसतं निळं धूसर, मग एकदम अख्खा पंख! चारही इंजिनं जागच्या जागी. नाक तुटून गेलंय, त्यामुळे थेट कॉकपिटपाशीच पोचतो. आतल्या बारक्या माशांवर टॉर्च मारत बसले (टॉर्च नेच, नाहीतर सगळं राखाडी दिसतं) आणि टाकीतली हवा दाखवणारं गेज बघायचंच राहिलं. गाइडने खांद्यावर टकटक केलं तेव्हा काटा ४० वर. वर येतानाचा ५ मीटरचा थांबा त्याच्या जादा रेग्युलेटरवर (तोंडात धरून श्वास घ्यायचा तो), म्हणजे त्याच्याच हवेवर केला. काय लाज वाटली म्हणून सांगू.

आधी ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स कर, दोन दिवसांत होतो. त्यातली डीप डाइव्ह विमानावर करतात का, विचारून बघ.

पाणबुड्या_नाना:
ताईंशी सहमत. नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजन, म्हणजे कमी नायट्रोजन असलेली हवा) घेतलंत तर तळाशी वेळ जास्त मिळेल, पण टाकी काही जास्त पुरत नाही. लोक इथेच फसतात. आणि आत हात घालून 'आठवण' उचलू नका. १४ फेब्रुवारी १९४४ ला वेरोनाच्या मोहिमेवर निघालेलं विमान ते. पाण्यावर उतरवण्याआधीच शत्रूच्या गोळ्यांनी तिघं गेले होते.

दर्यावेडा:
पटलं. ॲडव्हान्स्ड करतो. पण परतीचं विमान रविवारी सकाळी ७ चं आहे.

कालवंखाऊ:
लागोपाठ डाइव्ह झाल्यावर निदान १८ तास उडायचं नाही. म्हणजे शनिवारी दुपारी १ च्या आत पाण्याबाहेर. त्यापेक्षा शनिवार बायकोला देऊन टाक, किल्ला वरूनही बघण्यासारखा आहे.