दिवाळीची पोस्त, टीप की बक्षिसी?

वसुबारसेच्या आठवडाभर आधी आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: 'कचरा नेणाऱ्यांच्या टीपसाठी प्रत्येक घराने १०० रुपये द्यावेत.' दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'टीप'वर काट मारून शेजारी पेनाने 'पोस्त' लिहिलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर विचारणा सुरू झाली, की पोस्टाचे शंभर रुपये कसले?

माझी आजी दिवाळीआधी सुट्या नोटा एका डब्यात वेगळ्या काढून ठेवायची. पोस्टमन, पेपरवाला, दूधवाला, जिना झाडणाऱ्या मावशी. 'कुणाची पोस्त द्यायची राहिली नाही ना?' हे तिचं भाऊबीजेपर्यंत चालायचं. पोस्टमन सगळ्यांत आधी यायचा, त्यामुळे हा शब्द पोस्टावरूनच आला असणार असं मी धरून चालले होते. नेमका अर्थ काय? आणि आज सूचनेत लिहिला तर चालेल का?

प्रतिसाद १

टपालाशी काही संबंध नाही. पोस्त स्त्रीलिंगी, सणाला, त्यातही दिवाळीला, आपल्याकडे राबणाऱ्या माणसांना द्यायचे पैसे. खसखशीच्या बोंडालाही पोस्त म्हणतात आणि फारसीत पोस्त म्हणजे साल, कातडी. पण उच्चार जुळतो एवढ्यावर व्युत्पत्ती जुळवू नये.

मला तुमच्या आजींचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. 'द्यायची राहिली.' देणं थकलं की आपण असं म्हणतो. बक्षीस द्यायचं राहिलं असं सहसा कुणी म्हणत नाही, कारण बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. पोस्त सणाची असते. दिवाळी आली की ती लागू झाली, मग देणाऱ्याचा मूड कसाही असो.

टीप मला इथे साफ चुकीची वाटते. मराठीत आधीच तळटीप आहे, पोलिसांना मिळते ती टीप आहे, शिलाई मशीनवर मारतात ती टीप आहे. पैशांची टीप हॉटेलातून आली आणि ती एका जेवणापुरती असते. कचरा उचलणारी बाई वर्षभर सकाळी सातला दारात उभी असते, भर पावसातसुद्धा. त्या वर्षाला टीप म्हणणं मला पटत नाही.

प्रतिसाद २

चहापाणी आणि चिरीमिरी हे शब्दही कृपा करून टाळा. दोन्हींना लाच चिकटली आहे.

प्रतिसाद ३

मी गिरणगावातला. आमच्याकडे पोस्त आणि बोनस यांत कुणी गल्लत करत नसे. बोनस कंपनीकडून, आणि तो भांडून मिळवलेला. १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठीच संप केला होता. पुढे १९६५च्या कायद्याने किमान बोनस ठरला आणि नंतर तो ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. पोस्त घरांकडून. सोसायटीने गोळा केलेल्या पैशांना 'बोनस' म्हटलं, तर कंत्राटदाराला 'यांना बोनस मिळाला' म्हणायला वाव मिळतो. शब्द जपून वापरा.

महापालिकांच्या कागदोपत्री दिवाळीच्या रकमेला 'सानुग्रह अनुदान' म्हणतात, हेही बघा. सानुग्रह म्हणजे कृपेसह. शहर झाडणाऱ्या माणसाच्या दिवाळीला कृपा म्हणायचं, हे मला दरवर्षी खटकतं.

प्रतिसाद ४

शेजारच्या भाषांत काय आहे तेही सांगते. हिंदीत 'त्योहारी'. गुजरातीत 'बोणी', सकाळच्या पहिल्या विक्रीलाही ते बोणीच म्हणतात, जिला आपले दुकानदार भवानी म्हणतात. नव्या वर्षाची सुरुवात कुणाच्या तरी हातावर पैसे ठेवून करायची, हे मला फार आवडतं.

मी आता इंग्लंडमध्ये राहते. इथे 'ख्रिसमस बॉक्स' म्हणतात आणि २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेचं नाव त्यावरूनच पडलं असं सर्रास सांगितलं जातं. न्यूयॉर्कमध्ये मात्र शहराच्या सफाई कामगारांना अशी टीप घ्यायला मनाई आहे. तिकडच्या मराठी मंडळींनी पाकीट पुढे करून त्यांना अडचणीत आणू नये.

प्रतिसाद ५

दुसऱ्या टोकाकडूनही शब्द बघा. 'कचरेवाली आली' असं आपण सहज ओरडतो. कचरा आपला, तिचं काम सफाईचं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून 'कचरावेचक' हा शब्द रुजत गेला, कारण वेचण्यात नजर लागते, कसब लागतं. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो आणि झाडणाऱ्या बाईला पाकीट जिन्याच्या कठड्यावर ठेवून 'घ्या' म्हणतो. पोस्त म्हणा नाहीतर आणखी काही, हातात द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी मावशींनाच विचारलं, की तुम्ही या पैशांना काय म्हणता? त्या ओल्या कचऱ्याचा डबा गाडीतल्या पिंपात उपडा करत होत्या. डब्यात कुणीतरी ब्लेड तसंच टाकलेलं. ते त्यांनी दोन बोटांनी अलगद उचललं, कागदात गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. मग हातमोजा काढून म्हणाल्या, 'पोस्त आमची सासू म्हणायची. आम्ही दिवाळीच म्हणतो. ताई, आमची दिवाळी?, असं.'

सूचना बदलली आहे. 'मावशींची आणि दादांची दिवाळी (पोस्त): प्रत्येक घराने किमान १०० रुपये, धनत्रयोदशीच्या आत. ज्याने त्याने आपल्या दारात, हातात द्यावेत. ब्लेड आणि फुटकी काच कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी द्यावी.'